पोटासाठी धावणारे

नांदेडहून लातूरची गाडी धरली की वाटेत लोहा लागते. प्रवासी इथे उतरलाच तर चहापुरता. पुढे माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला घोडे, गाढवे, उंट येतात, कुस्त्यांचे फड रंगतात. त्या निमित्ताने लोह्याचे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते, इतकेच. पण या मुलखाची खरी ओळख हवी असेल तर चहाच्याही आधी, झुंजुमुंजू असतानाच गावाबाहेरच्या रस्त्यावर यावे.

तिथे पोरे धावत असतात. मुलीही असतात. कुणाच्या पायांत जुने बूट, कुणी अनवाणी. ही हौस नव्हे, भरतीची तयारी आहे. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे! कोरडवाहू जमीन, तिचे भावाभावांत झालेले वाटे आणि पावसाची लहर. अशा घरात चार-पाच सेकंदांचे मोल काय, हे आपण नोकरदारांनी काय सांगावे?

याच मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याच्या घरातून बारावीनंतर लष्करात गेला. स्पर्धेत धावू लागला तो तिथेच. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक जिंकले. म्हणजे आधी भाकरी, मग पदक!

आता त्याच रस्त्यावर दुसरीही मंडळी दिसू लागली आहेत. पोटासाठी धावणारे ते, आणि पोट उतरवण्यासाठी धावणारे आपण! पुण्याची मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. तेव्हापासून हे वेड शहरांतून हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत झिरपले.

या हौशी धावण्याची एक गोष्ट मोठी गोड आहे. १९६२च्या अखेरीस बिल बोवरमन हे अमेरिकन प्रशिक्षक न्यूझीलंडला गेले. तिथे आर्थर लिडियार्ड यांनी साध्या नागरिकांना मेळ्याने, सावकाश धावायला लावले होते. पन्नाशीचे बोवरमन त्यांच्यासोबत निघाले आणि थोड्याच वेळात धापा टाकू लागले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मुद्दाम मागे राहिले आणि त्यांना शेवटपर्यंत सोबत केली. मेळ्याने धावण्याचे मर्म हेच. नवख्याने मिनिटभर धावावे, दोन मिनिटे चालावे. शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच वेग ठेवावा. त्याच्यासाठी थांबणारे कुणीतरी असतेच.

भरतीच्या पोरांसाठी मात्र कुणी थांबत नाही. वयाची अटही थांबत नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत गावी गेलात तर फराळाचे ताट बाजूला सारून एक दिवस पहाटे उठा. मुलांनाही उठवा. वाहने समोरून दिसतील अशा उजव्या कडेने, जमेल तेवढे धावा. दमलात की कडेला उभे राहा आणि त्या पोरांना विचारा, "घड्याळ धरू का रे?" ते नाही म्हणणार नाहीत. वेळ नीट मोजा, मोठ्याने सांगा. आणि कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी लागले असतील तर जरा जास्तच मोठ्याने सांगा.