होट्टलचें देऊळ आणि आमच्या घरची पायरी

गेल्या माघांत आम्ही नातवंडांस घेऊन होट्टलास गेलों होतों. नांदेडहून देगलूरपर्यंत एसटी, पुढें रिक्षा. दोहों बाजूंस काळी जमीन आणि हरभऱ्याचीं शेतें. आजच्या ह्या लहानशा खेड्याचें जुनें नांव पोट्टल; कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानींत तें नांवाजलेलें नगर होतें. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण, हें मुलांस सांगावें लागलें.

सिद्धेश्वराचें देऊळ अकराव्या-बाराव्या शतकांतील. दीर्घकाळ तें भग्नावस्थेंत होतें. अलीकडे त्याचा जीर्णोद्धार झाला आहे. येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. शाळेंत तीस वर्षें आम्हीं असल्या प्रत्येक देवळास बेधडक ‘हेमाडपंती’ म्हणून शिकविलें. वस्तुतः हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. हें देऊळ त्याच्या कित्येक पिढ्या आधींचें. ज्यांनीं आमची व्याख्या पाठ करून गुण मिळविले, त्यांनीं ते खुशाल ठेवावेत.

“चुना नाहीं, मग दगड पडत कसे नाहींत?” असें धाकट्या नातवानें विचारलें. प्रश्न मार्मिक होता. दगडाची बैठक इतकी सपाट घडवावयाची कीं वरचा खालच्यावर अंगभर टेकला पाहिजे. वजन हाच चुना. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, आणि सारा भार सरळ खालीं जोत्यांत. कमान नाहीं, म्हणून बाजूस रेटा नाहीं. छताची युक्ति तर पाहण्यासारखी असते. चार तुळयांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून तो लहान करावयाचा, त्यावर पुन्हां तसेंच, आणि उरलेली पोकळी एका शिळेनें झांकावयाची. मुलांनीं घरीं येऊन पत्त्यांनीं हें करून पाहिलें. तिसऱ्या थरास पत्ते संपले.

परंतु ह्या घडणीचा वैरी तिच्या पायाखालींच असतो. काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. जोतें कलतें, सांधा उघडतो, आणि त्यांत पिंपळ रुजतो. उरलेलें काम माणूस करतो. चुन्यानें न जोडलेला घडीव दगड उचलून नेण्यास सोपा. मराठवाड्यांत अशा किती देवळांचे दगड विहिरींस आणि गढ्यांस लागले असतील!

बाहेरच्या भिंतींवरील सुरसुंदरींपुढें आमच्या सूनबाई बराच वेळ उभ्या होत्या. आम्ही त्यांस अलंकारांचीं संस्कृत नांवें सांगत होतों. त्यांचें लक्ष नव्हतें, आणि तेंच योग्य होतें. तेवढ्यांत धाकटा दाराच्या चौकटीपाशीं बसून ओरडला, “आजोबा, आपल्या पायरीवर असाच वेल आहे!”

आमचें वडिलोपार्जित घर ह्याच तालुक्यांत आहे. मागील दाराशीं पाय धुण्याची एक काळी पायरी आहे. तिच्या एका कडेस वेलपत्ती कोरलेली आहे. तिच्यावर बसून आम्हीं अमरकोश पाठ केला. पासष्ट वर्षें ती पाहिली, आणि ती कोठून आली हें एकदांही मनांत आलें नाहीं!

घरीं येतांच दिव्याच्या उजेडांत पाहिलें. शंका उरली नाहीं. ती कोणत्या तरी देवळाची द्वारशाखा आहे, आडवी टाकलेली. दादांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, “आजोबांनीं बसविलेला दगड आहे. त्यांनीं चोरला, असें म्हणावयाचें आहे काय तुला?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. वहिनींनीं मात्र त्या रात्रीपासून पायरीवर पाय ठेवणें सोडलें. त्या पुढच्या दारानें अंगणाला वळसा घालून विहिरीवर जातात, आणि आतां सुनाही तसेंच करूं लागल्या आहेत.

दगडाचें माप आम्हीं घेतलें आहे. पुरातत्त्व खात्यास लिहिलेलें पत्र देवघरांतील फडताळांत आहे. घर दादांच्या नांवावर असल्यामुळें सही त्यांची हवी. काल त्यांनीं चष्मा मागवून तें एकदां वाचलें, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखविल्या, आणि पुन्हां घडी घालून ठेवून दिलें.