पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. आम्हां सोलापूरकरांचे मात्र पिळाशी वाकडे नाही. सुताला पीळ नसता, तर आमची चादरही नसती.

पण इलेक्ट्रॉनांनाही पीळ देता येतो, हे वाचून मी चकितच झालो. १८९७ साली टॉमसनने विद्युत्क्षेत्राने त्यांचा झोत नुसता वाकवला होता. २०१० साली जपानात उचिदा व तोनोमुरा यांनी ग्राफाइटच्या पापुद्र्यांतून तो धाडला, तेव्हा त्याची लाट मळसूत्रासारखी फिरत निघाली. मध्यभागी भोवऱ्यासारखी पोकळी! त्याच वर्षी युरोपातल्या शास्त्रज्ञांनी डाव्या-उजव्या पिळाच्या झोतांनी लोखंडाचे चुंबकत्व पारखले. पुढे पापुद्राही लागेनासा झाला. सुईसारख्या सूक्ष्म विद्युदग्रांचे क्षेत्र पुरे, आणि विद्युद्दाब बदलला की पीळ कमीजास्त होतो.

माझे वडील मागावर विणीत. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. तरी धागा चिमटीत फिरवून पीळ डावा की उजवा, ते अचूक सांगत. त्याला कोणी विद्या म्हटले नाही. पण न दिसणाऱ्याची जात पिळावरून ओळखायची, हेच तर त्या प्रयोगशाळांतूनही चालले आहे! ते आज असते, तर हसून म्हणाले असते, "मग त्यात नवल ते काय?"