डिपॉझिट म्हणजे भाडं नव्हे

थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला : भाडेकरू भाडं देत नाही, काय करू? आणि प्रत्येकाला आधीच कोणीतरी सल्ला दिलेला होता, "पाणी तोडा, आपोआप जातो." म्हणून आमच्या आईच्या फ्लॅटचं काय झालं ते सांगतो.

सिंहगड रोडला वन बीएचके, बाबांच्या पीएफमधून घेतलेला. बाबा गेल्यावर आईला दुसरं उत्पन्न नाही. भाड्याच्या १६ हजारांत तिची औषधं, मेंटेनन्स आणि कामाला येणाऱ्या मावशींचा पगार. घरमालक म्हटलं की लोकांना गळ्यात जाड चेन घातलेला माणूस दिसतो. आमच्या सोसायटीतले निम्मे घरमालक गुडघेदुखीने बेजार आहेत.

भाडेकरू इंटिरियरची छोटी कामं घेणारा. बायको, दहावीतली मुलगी. पहिले चार महिने एक तारखेला पैसे. मग ऑक्टोबरात ६ हजार आले, "दादा, पार्टीने पेमेंट अडकवलंय." नोव्हेंबरात १० हजार, तेही २२ तारखेला. डिसेंबरात काहीच नाही. जानेवारीत ५ हजार, आणि वर "गिझर दुरुस्त केला, ते वजा करा." बिल मागितलं तर नाही. असं थोडं थोडं येत राहिलं की आपणही गप्प बसतो, आणि बाकी किती ते दोघेही आपापल्या सोयीने मोजतात. म्हणून मी दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ टाकायचो : "अमुक मिळाले, अमुक महिन्याचे अमुक बाकी." भांडण नाही, टोमणा नाही. जानेवारीअखेर बाकी ४३ हजार होती आणि ती त्याच्याच 'ओके दादा'खाली लिहिलेली होती.

खरा वाद पुढे झाला. तो म्हणाला, "काकूंकडे माझे ५० हजार डिपॉझिट आहे ना? त्यातून कापा." ऐकायला रास्त वाटतं. पण डिपॉझिट हे घर सोडताना हिशेब मिटवायला असतं : मोडतोड, थकलेलं लाइटबिल, राहिलेलं भाडं. ते आधीच भाड्यात संपवलं तर मुदत संपल्यावर माणूस बसून राहिला की हातात काही उरत नाही. आणि नेमके असेच लोक बसून राहतात.

फेब्रुवारीत वकिलांमार्फत नोटीस पाठवली. तिसऱ्या दिवशी एका 'भाऊं'चा फोन. "आपलाच माणूस आहे, जरा सबुरीने घ्या." मी म्हटलं, भाऊ, सबुरी किती हजारांची ते सांगा, लिहून ठेवतो. परत फोन नाही आला. दुसऱ्या बाजूने सोसायटीतले एक काका म्हणाले, दोन पोरं पाठवू का? आईने ऐकलं आणि म्हणाली, "त्या घरात दहावीची मुलगी आहे. परीक्षा होईपर्यंत कोणी दार वाजवायचं नाही." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही महिने कोरडे गेले. बाकी ९१ हजार.

आता कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. पाणी, वीज अशा आवश्यक सोयी पुरेशा कारणाशिवाय तोडायला घरमालकाला कलम २९ ने बंदी आहे. तुम्ही नळ बंद केलात की तक्रारदार तो होतो आणि तुमचे ९१ हजार बाजूला राहतात. कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "११ महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं" असं एजंट अजूनही सर्रास सांगतात. आपल्या राज्यात ते चालत नाही, करार ११ महिन्यांचा असो की ११ दिवसांचा.

आमचा लिव्ह अँड लायसन्स नोंदणीकृत होता. मुदत ३० एप्रिलला संपली, तो हलला नाही. मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. मुदत संपूनही राहिलं तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, म्हणजे महिन्याला ३२ हजार. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत परवानगी मागितल्याशिवाय त्याला बाजू लढवता येत नाही. समन्स गेलं आणि त्याचा आवाज बदलला. जुलैत तो स्वतः आईकडे आला. आईने दुप्पट रकमेवर पाणी सोडलं, एवढंच नाही, मेपासूनचं भाडंही मागितलं नाही. डिपॉझिट वळतं केलं, २० हजार रोख घेतले, २१ हजार हप्त्यांनी. सगळं लिहून, सह्या करून. मला हे पटलं नव्हतं, पण घर तिचं.

दुसरी बाजूही बघितली आहे. आमच्याच बिल्डिंगमध्ये भिंतीला खिळा ठोकला म्हणून मुलांचं अख्खं डिपॉझिट गिळणारे आहेत, आडनाव विचारून फोन ठेवणारे आहेत. त्या मुलांनाही मी हेच सांगतो : पैसे बँकेतून द्या, पावती मागा, नोंदणीकृत कराराची प्रत स्वतःकडे ठेवा.

नव्या भाडेकरूच्या करारात एक ओळ मुद्दाम घातली आहे : डिपॉझिट कुठल्याही महिन्याच्या भाड्यात धरलं जाणार नाही. जुन्याचे ३-३ हजारांचे दोन हप्ते आलेत. १५ हजार बाकी.