पेढीचा शिक्का

सांगलीतील आमच्या हळदीच्या अडत दुकानातून शेतकऱ्याच्या हाती जाणाऱ्या प्रत्येक पट्टीवर वडिलांच्या काळापासून एकच रबरी शिक्का उमटत असे. जांभळ्या शाईतील अक्षरे थोडी फुटकीच दिसत. तरी त्या शिक्क्याखालची रक्कम ठरल्या दिवशी मिळणार, याविषयी कोणाला शंका नसे. थोरल्या बंधूंची व माझी भागीदारी संपली तेव्हा गोदाम, तराजू, येणी-देणी सारे वाटणीत बसले. शिक्का मात्र कोणाकडेच ठेवता येईना. तो ज्याच्या हाती, त्याला दोघांच्या नावे कागद करता येतो. म्हणून उभयतांसमक्ष नावाची ओळ कापून नष्ट केली. वरचा कलश तेवढा उरला. (कंपन्यांचा कागद उठावदार करणारा शिक्काही 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर सक्तीचा राहिलेला नाही, आमचा तर साधा रबरी.)

यंदा बंधूंच्या नातीचा विवाह ठरला. पत्रिकेचे काम आमच्या सूनबाईंनी मागून घेतले आणि तो कलशही. मला हा खटाटोप वाटला होता; पण काम पाहण्यासारखे निघाले. दुकानातल्या पॅडची शाई येथे उपयोगाची नाही. ती कागदात मुरून लगेच वाळते. सूनबाईंनी रंगकणांची दाट शाई घेतली, जी बराच वेळ कागदाच्या पृष्ठावर ओली राहते. शिक्का न डोलवता सरळ टेकवायचा, सरळ उचलायचा. ओल्या ठशावर सोनेरी भुकटी पसरायची, कागद उलटा करून टिचकी मारायची. जादा भुकटी पुन्हा डबीत. (व्यापाऱ्याला हे विशेष आवडते.) मग उष्ण हवेचे यंत्र. केस वाळवण्याचे चालत नाही. त्याची हवा जोराची आणि उष्णता अपुरी, त्यामुळे भुकटी उडून जाते. क्षणभर काहीच घडत नाही, आणि एकाएकी कण वितळून एकजीव होतात, कलश चकाकत वर उठतो. तेथेच थांबायचे. अधिक उष्णता दिली तर उठाव बसतो आणि कागद वाकतो. जुन्या रबराला गेलेला तडाही कलशाच्या पोटावर बारीक रेघ होऊन उमटला. तो भरून काढू नका, असे मीच सांगितले.

नमुना घेऊन आम्ही बंधूंकडे गेलो. त्यांनी चष्मा न लावताच कलशावरून अंगठा फिरवला, त्या रेघेशी थांबले, आणि निमंत्रकांत आपल्या नावाखाली माझे नाव घालायला सांगितले.