अ‍ॅपोमॅटॉक्सचे घर आणि परसातील खोली

अमेरिकेच्या व्हर्जिनियातील अ‍ॅपोमॅटॉक्स येथे, मॅक्लीन यांच्या घरी, ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे जनरल ली यांनी जनरल ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. ग्रँट यांनी उदारपणे सैनिकांना घरी जाऊ दिले, नांगरणीसाठी घोडे ठेवू दिले, भुकेल्यांना शिधा पुरविला. १८६७ मध्ये काँग्रेसने दक्षिणेत लष्करी अंमल बसवून कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळवून दिला. मात्र १८७७ मध्ये तेथील सैन्याचे पाठबळ काढले गेले आणि गोऱ्यांचा समेट कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा बळी देऊन झाला. दिवाणखाना पाहून निघालेला प्रवासी परसातील, पुन्हा उभारलेल्या गुलामांच्या खोलीपाशी थबकतो. संवत्सरीला क्षमापना करणाऱ्या मनाला येथे उमगते, की ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्यावाचून क्षमा पूर्ण होत नाही.