पल्ला आणि काडतूस

बदलीच्या गप्पा आणि शिकारीच्या गप्पा यांना अंत नसतो, आणि आमच्या या कुमाऊँतील वास्तव्यात तर दोहोंनाही ऊत येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील शिकारीचे युग संपले. तिच्याविषयीची रसवंती मात्र आटलेली नाही. मध्यंतरी आमच्या एका सहकाऱ्यांना अमेरिकेतील भाच्याने विचारणा केली. चिरंजीव मोंटानात असतात, आणि तेथे रीतसर परवाना काढून एल्कची शिकार करता येते. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातील, पण त्याहून थोराड हरिण. मोकळ्या डोंगरउतारावर चारशे यार्डांवरून ते टिपावयाचे, तर रायफल कोणती घ्यावी आणि काडतूस कोणते? मामांनी हा प्रश्न आमच्याकडे सोपविला. कारण बंदुकांची जुनी सूचीपत्रे वाचण्याचा आम्हांला नाद आहे.

सूचीपत्रे मोठी मोहक असतात, पण त्यांतील आकडे एकमेकांशेजारी मांडून पाहावेत. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस १९०६ सालचे. ‘थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम’ १९६३ सालचे. दोहोंतही १८० ग्रेनची गोळी घातली, तर जुन्या काडतुसाच्या गोळीचा आरंभीचा वेग सेकंदाला सुमारे २७०० फूट, नव्याचा २९५० च्या आसपास. दोनशे यार्डांवर नेम बांधून घेतला असता चारशे यार्डांवर जुनी गोळी सुमारे २४ इंच खाली उतरते, नवी सुमारे २०. म्हणजे एवढ्या डामडौलाचा लाभ इंच चार! त्यापोटी खांद्याला बसणारा धक्का मात्र पुष्कळच वाढतो. आणि धक्क्याला भ्यालेला मनुष्य चाप ओढताना डोळे मिटतो. शिवाय ताशी दहा मैलांचा आडवा वारा एवढ्या अंतरात दोन्ही गोळ्यांना फूटभर बाजूला नेतो. गोळी जवळजवळ अर्धा सेकंद हवेत असते, तेवढ्यात जनावर सहज एक पाऊल टाकते. यावर कोणत्याही कारखान्याने उपाय काढलेला नाही.

म्हणून आमचे मत असे, की पल्ला आधी ठरवावा, काडतूस मागाहून. मेजाचा आधार न घेता, मांडी घालून बसून, पाचच्या पाच गोळ्या आठ इंचांच्या थाळीत जेथून बसतात, तेथे आपला पल्ला संपला. भाच्याचा तो अडीचशे यार्ड निघाला तर जुने काडतूस त्याला भरपूर झाले. वेगाचा हव्यास सोडून गोळी तेवढी जाड कवचाची, खांद्याच्या हाडावर न फुटणारी निवडावी. उरलेले दीडशे यार्ड त्याने पायांनी तोडावेत.

मामांना हे फार सोवळे वाटले. “जखमी झालेच, तर माग काढता येतो,” असे ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकून आम्हांला नवल वाटले, कारण चंपावत त्यांनी पाहिलेले आहे. तेथील वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली, असे जिम कॉर्बेट लिहितो. १९०७ साली ती पडल्यावर पाहिले, तो उजवीकडील वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा पार हाडापर्यंत गेलेला. कोणाच्या तरी जुन्या गोळीने ते मोडले होते आणि त्यामुळेच तिला नैसर्गिक भक्ष्य मारता येईनासे झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. तो बार कोणी टाकला, किती अंतरावरून टाकला, हे कोणालाच ठाऊक नाही. टाकणारा बहुधा माग काढण्याच्या भरीस न पडता घरी जाऊन जेवला असेल.

खुद्द कॉर्बेटची काडतुसे त्या दिवशी ऐन वेळी संपली. दोन गोळ्या लागलेली वाघीण समोर उभी, तेव्हा त्याने धावत जाऊन बरोबरच्या तहसीलदारांची बंदूक हिसकून घेतली आणि वीस फुटांवरून उघड्या जबड्यावर झाडली. गोळी जबड्याला न लागता पंज्याला लागली. वाघीण कोसळली ती आधीच्या दोन गोळ्यांनी. पुढे नैनितालच्या दरबारात लेफ्टनंट गव्हर्नरांनी तहसीलदारसाहेबांना एक नवी बंदूक बक्षीस दिली.