साथ कोण कोणाची?

साथ हा शब्द उच्चारला की मनात मोठेपणाची एक उतरंड उभी राहते. गवई मध्यभागी, तबलजी एका अंगाला, पेटीवाला दुसऱ्या. आणि पेटीवाल्याची सारी थोरवी गवयाच्या मागून अर्ध्या पावलाच्या अंतराने चालण्यात! कचेरीत आयुष्य गेलेल्या आम्हां माणसांना ही व्यवस्था सहज पटते. टिपण कोणी लिहायचे आणि शेरा कोणी मारायचा, हे तेथेही ठरलेलेच असते.

युरोपातही एके काळी अशी उतरंड होती. मात्र ती उलटी. आठ वर्षांच्या मोझार्टने १७६४ साली लंडनमध्ये सहा सोनाटा रचले. त्यांत मुख्य वाद्य हार्पसिकॉर्ड. व्हायोलिन किंवा बासरी केवळ साथीला. पुढे हार्पसिकॉर्डची जागा पियानोने घेतली आणि हळूहळू दोन्ही वाद्ये बरोबरीने बोलू लागली.

ही बरोबरी कशामुळे साधते, ते बदलीच्या गावी एका सायंकाळी फ्रेंच संगीतकार पूलांक याचा सोनाटा ऐकताना मला उमगले. पियानोच्या पट्टीवर बोट पडले की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते, आणि स्वर जन्मल्या क्षणापासून विझू लागतो. तो फुलवता येत नाही, मींडेने दुसऱ्या स्वराकडे नेता येत नाही. बासरीचा स्वर श्वास असेतो जगतो, वाढतो, थरथरतो. पण तिला एका वेळी एकच स्वर बोलता येतो. एकाजवळ स्वरांचा मेळा आहे, दुसरीजवळ श्वास. जे एकाला उणे, तेच दुसऱ्याचे वैभव.

हा सोनाटा १८ जून १९५७ रोजी स्ट्रासबूर येथे प्रथम जाहीरपणे वाजला. बासरीवर झाँ-पिएर राम्पाल, पियानोवर स्वतः पूलांक. आदल्या दिवशी त्या दोघांनी तो एकट्या आर्थर रुबिनश्टाइनसाठी वाजवला होता. त्या थोर पियानोवादकाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणे शक्य नव्हते. दुसऱ्या, संथ भागाच्या आरंभी बासरी एक लहानसा चढता स्वरसमूह उच्चारते आणि पियानो लगोलग तोच उच्चारतो. हे पेटीवाल्याचे अनुकरण नव्हे आणि जुगलबंदीतील ईर्षाही नव्हे. दोन माणसांनी नुसते ‘होय ना?’, ‘होय!’ म्हणावे, तसे ते वाटते.

त्या सायंकाळी माझे लक्ष पियानोवादकाकडेच अधिक गेले. बासरीवाला श्वास घेई, तेव्हा तो बोटे क्षणभर आवरून धरी. ऐकणाऱ्याला तो विसावा जाणवतही नसे. परप्रांती वर्षानुवर्षे राहूनही शेजाऱ्याची भाषा आपल्याला पुरती येत नाही, आणि आपली त्याला. तरी त्याच्या बोलण्यात जेथे श्वास पडतो, तेथे आपल्याला थांबता आले, तर पुष्कळसे साधले असे मला वाटते.